तुंब्याचा एक फटका आणि कलम ३०७

माझ्या धाकट्या भावावर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ खाली, म्हणजे जिवे ठार मारण्याचा प्रयत्न केल्याचा, गुन्हा नोंद झाला तेव्हा मी तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. जून २०१८ मध्ये सुरू झालेले हे प्रकरण एप्रिल २०२३ मध्ये निकाली निघाले. त्या जवळजवळ पाच वर्षांत फौजदारी वकील नेमके काय करतो, हे मला अगदी शेजारी बसून पाहायला मिळाले. आमच्याकडे याविषयी दोन समजुती आहेत. वकील एक तर साक्षीदार फोडतो, नाहीतर कोर्टात असे काही जोरदार बोलतो की न्यायाधीशांचे मन पालटते. आमच्या वकीलसाहेबांनी या दोन्हींपैकी काहीही केले नाही आणि तरीही भाऊ जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या आरोपातून सुटला. ते कसे घडले, हे ज्यांच्या घरावर अशी वेळ आली आहे त्यांना कळावे म्हणून मी हे लिहीत आहे.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, उजनीच्या कालव्यावर आहे. वडिलांची आणि चुलत्यांची जमीन एकाच गटात असून मध्ये एक बांध आहे. मृगाच्या तोंडावर चुलत भाऊ ट्रॅक्टरने नांगरट करत असताना फाळ बांधावर चढला आणि हातभर बांध त्याच्या रानात गेला. माझा भाऊ बांधाच्या अलीकडे कुंपणासाठी वेडी बाभूळ तोडत होता, त्यामुळे कुऱ्हाड त्याच्या हातातच होती. शिवीगाळ झाली, चुलत भावाने ट्रॅक्टरवरची काठी काढून त्याच्या डाव्या हातावर आणि पाठीवर मारले, आणि माझ्या भावाने कुऱ्हाड उलटी करून तुंब्याचा, म्हणजे मागच्या बोथट बाजूचा, एक फटका त्याच्या डोक्यात घातला. यात मला काहीही लपवायचे नाही. फटका बसला, रक्त आले, पाच टाके पडले. ज्याला मी लहानपणापासून भाऊबीजेला ओवाळत आले, त्याच्या डोक्यावरची पट्टी पाहून मला रात्रभर झोप लागली नव्हती.

मात्र चुलत भावाने दुसऱ्या दिवशी दुपारी नोंदवलेली फिर्याद निराळेच सांगत होती. ‘आता तुला जिवंत सोडत नाही’ असे म्हणून आरोपीने कुऱ्हाडीच्या धारेने डोक्यावर तीन वार केले, दोन वार मी चुकवले, तिसरा बसला आणि मी जागीच बेशुद्ध पडलो, असे तीत होते. त्या वेळी घरी असलेले माझे ७१ वर्षांचे वडील आणि भावजय यांनीही लाथाबुक्क्यांनी मारले, असे पुढे जोडले होते. कलमे लागली ३०७, ३२३, ५०४, ५०६ सह ३४, म्हणजे ३०७ बरोबरच साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी आणि हे सगळे मिळून एकाच उद्देशाने केल्याचा आरोप. बांधाच्या भांडणात घरातल्या सगळ्यांची नावे घालायची, ही आमच्या भागातली जुनी रीत आहे आणि तिच्यामुळे किती म्हाताऱ्या माणसांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असतील, याची मोजदाद नाही.

वकीलसाहेब साठीच्या आसपासचे होते. त्यांच्या कार्यालयात मी रडत-रडत सगळी हकिकत सांगायला लागले तेव्हा त्यांनी मला पाणी दिले आणि एकच विचारले, ‘बाई, भांडण झाल्यावर तुमचा भाऊ स्वतः पोलीस ठाण्यात गेला होता का? गेला असेल तर त्याला काही कागद मिळाला का?’ मला माहीत नव्हते. भावजयीने घरी जाऊन त्याच्या सदऱ्याचा खिसा पाहिला, तेव्हा घामाने भिजून वाळलेला, चार घड्यांचा एक कागद निघाला. त्याच संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी केलेल्या अदखलपात्र नोंदीची, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशा तक्रारीच्या नोंदीची, ती प्रत होती. ‘चुलत भावाने काठीने मारहाण करून शिवीगाळ केली’ अशी तीन ओळींची नोंद होती. आम्हाला तो कागद कवडीमोल वाटला होता, कारण त्यावर पोलिसांनी पुढे काहीच केले नव्हते. वकीलसाहेबांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि म्हणाले, ‘यावर वेळ लिहिलेली आहे. फिर्याद याच्यानंतर अठरा तासांनी झाली आहे. हा कागद हरवू देऊ नका.’

पहिल्या रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांनी भावाला नेहमीप्रमाणे विचारले, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ त्याने मान हलवून नाही म्हटले. वकीलसाहेब लगेच उभे राहिले आणि तक्रार पोलिसांविरुद्ध नसली तरी आरोपीच्या अंगावर घटनेच्या वेळच्या जखमा आहेत, त्या पाहून आदेशात नोंदवाव्यात, अशी विनंती त्यांनी केली. भावाने शर्ट काढून पाठ दाखवली. ‘डाव्या कोपराखाली सूज, पाठीवर दोन वळ’ एवढे आदेशात लिहिले गेले आणि वैद्यकीय तपासणीचाही हुकूम झाला. सूज चार दिवसांत उतरली. त्या दिवशी ती लिहिली गेली नसती तर पुढे साडेचार वर्षांनी ती होती हे सिद्ध करायला आमच्याकडे काहीच उरले नसते.

वडिलांना आणि भावजयीला सत्र न्यायालयातून अटकपूर्व जामीन मिळाला. भावाच्या बाबतीत दंडाधिकाऱ्यांकडे आशा नव्हती, कारण जन्मठेपेची शिक्षा असू शकणाऱ्या गुन्ह्यात त्यांचे हात बरेच बांधलेले असतात. तरीही सत्र न्यायालयात अर्ज टाकायला वकीलसाहेबांनी आठवडाभर थांबवले आणि तो आठवडा आम्हाला फार जड गेला. ते थांबले होते ते जखमीला दवाखान्यातून घरी सोडल्याचा कागद येण्यासाठी. जखमी दवाखान्यात असताना गेलेला अर्ज आणि तो चालत घरी गेल्यावर आलेला अर्ज, यांकडे कोर्ट सारख्या नजरेने पाहत नाही. सिटी स्कॅनमध्ये हाड मोडलेले नाही, हे त्या डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते. एकोणिसाव्या दिवशी जामीन झाला. पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दोषारोपपत्र येईपर्यंत गावात पाऊल ठेवायचे नाही, दर रविवारी दहा ते एक ठाण्यात हजेरी, अशा अटी होत्या. जामीनदार म्हणून माझे मामेसासरे सातबारा आणि रेशनकार्ड घेऊन उभे राहिले. पेरणीचे दिवस असूनही ते दोन दिवस कोर्टात बसून होते, हे उपकार मी विसरणार नाही.

त्या दिवसांत कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली एक बाई रोज बसलेल्या दिसत. त्यांचा मुलगा आत होता आणि वकील द्यायला पैसे नव्हते. कोठडीत असलेल्या कोणालाही, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे १९८७ च्या कायद्यात आहे. पण ते त्या बाईंना कोणी सांगितले नव्हते. आमच्या वकीलसाहेबांनी त्यांना तालुका विधी सेवा समितीच्या खोलीपर्यंत स्वतः नेले.

ऑगस्टमध्ये दोषारोपपत्र आले. त्याच्या नकला हातात पडल्या तेव्हा खरे काम सुरू झाले, असे मी म्हणेन. मला वाटत होते की वकील ते एकदा वाचतील आणि तारखेच्या दिवशी बोलतील. त्यांनी ते माझ्यादेखत चार वेळा वाचले. पहिल्यांदा फक्त वेळा काढल्या. घटना किती वाजता, दवाखाना किती वाजता, अदखलपात्र नोंद, फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, जप्ती, प्रत्येक साक्षीदाराचा जबाब कोणत्या तारखेला, हे सारे त्यांनी एका आडव्या कागदावर मांडले. दुसऱ्यांदा प्रत्येक जबाबातले हत्यार, धार आणि वारांची संख्या वेगळी लिहिली. तिसऱ्यांदा वैद्यकीय कागद वाचले आणि तिथे ते बराच वेळ थांबले.

जखमेच्या प्रमाणपत्रात हत्याराच्या रकान्यात ‘कुऱ्हाड’ असे लिहिले होते. त्याच पानावर, दोनच ओळी वर, जखमेचे वर्णन होते: डोक्याच्या डाव्या बाजूस, ४ सेंमी लांब, १ सेंमी रुंद, कडा ओबडधोबड, आजूबाजूला मुका मार, फाटलेली जखम. जखमेचे स्वरूप: साधी. वकीलसाहेबांनी त्या दोन ओळींवर बोट ठेवून मला विचारले, ‘बाई, विळीवर काकडी कापल्यावर आणि दगडाने नारळ फोडल्यावर कडा सारख्याच दिसतात का?’ वर्णनाची ओळ डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहून लिहिली होती, तर हत्याराची ओळ पोलिसांनी सांगितली तशी लिहिली गेली होती. दोन्हींखाली सही एकच असल्यामुळे आम्हा सगळ्यांना ती एकच गोष्ट वाटली होती.

शिवाय दोषारोपपत्रात फक्त प्रमाणपत्र होते, जखमीला पहिल्यांदा आणले तेव्हाचा दवाखान्यातला केसपेपर नव्हता. जखमी माणूस डॉक्टरांना पहिल्या अर्ध्या तासात जे सांगतो, ते कोणाशी सल्लामसलत करून सांगत नाही, म्हणून तो कागद फिर्यादीपेक्षा मोलाचा असू शकतो, असे वकीलसाहेबांचे म्हणणे होते. त्यात आमच्या विरोधातलेही काही निघू शकते, हे त्यांनी आम्हाला आधीच सांगितले. भावाला त्यांनी समोर बसवून विचारले, ‘तू किती फटके मारलेस? मला खरे सांग. खोटे सांगितलेस तर हा कागद मागवून मीच तुला तुरुंगात घालीन.’ भाऊ म्हणाला, ‘एकच.’ मग तो मूळ केसपेपर कोर्टात हजर करावा असा अर्ज योग्य वेळी देण्याचे ठरले.

चौथे वाचन जागेचे होते. तीन प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांपैकी दोघे फिर्यादीच्या घरचेच होते. तिसरा शेजारचा शेतकरी होता आणि त्याने आपल्या विहिरीवरून सगळे पाहिल्याचे सांगितले होते. वकीलसाहेबांनी मला गटाचा नकाशा काढायला सांगितले. मी शाळेतल्या चित्रकलेच्या कागदावर विहीर, बांध, रस्ता, आमचे घर, सगळे पावलांनी अंतर मोजून काढले. विहिरीपासून बांधापर्यंत मधला जो पट्टा होता, त्यात काय होते, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, त्या वर्षी ऊस होता. त्यांनी तलाठ्याकडून त्या वर्षीच्या सातबाऱ्याची पीकपाण्याच्या नोंदीसह नक्कल मागवली.

त्यानंतर काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही, यावरच आमच्या घरात अधिक वाद झाले. नातेवाइकांचा आग्रह होता की खटला चालण्याआधीच दोषमुक्तीचा अर्ज द्यावा. वकीलसाहेबांनी नकार दिला. त्या टप्प्यावर कोर्ट पुरावा तोलत नाही, वरवर आरोप उभा राहतो की नाही एवढेच पाहते. डोक्यावर जखम आणि जबाबात कुऱ्हाड असताना अर्ज फेटाळला जाणार, आणि वर आपल्याकडे काय काय आहे हे सरकारपक्षाला आयतेच कळणार. शहरात शिकणाऱ्या भाच्याने विचारले की अमेरिकेत करतात तसा सरकारशी सौदा करून कमी कलम मान्य करता येणार नाही का? आपल्याकडेही २००६ पासून तशी तरतूद आहे, पण ती सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरती, त्यामुळे ३०७ तिच्यात बसत नव्हते.

तडजोडीचेही बोलणे झाले. ३०७ हा आपसांत मिटवता येणारा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नरिंदर सिंग यांच्या प्रकरणात सांगितले आहे की असा खटला तडजोडीवर रद्द करायचा असेल तर जखम कुठे आहे, हत्यार कोणते आहे, ३०७ खरोखर लागते की नुसते लावले आहे, हे उच्च न्यायालयाने पाहावे. म्हणजे तो रस्ता अरुंद असला तरी होता. पण पलीकडून बांधालगतची अर्धा एकर जमीन मागितली गेली आणि वडिलांनी ते बोलणे तिथेच थांबवले.

शेवटी गावातल्या एका वजनदार माणसाने सुचवले की विहिरीवरच्या साक्षीदाराला काही देऊन गप्प करावे. हे मी वकीलसाहेबांच्या कानावर घातले, तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. ‘तुम्ही मास्तरीण आहात म्हणून एकदाच सांगतो. असे काही झाल्याचे कळले तर त्या दिवशी मी वकीलपत्र सोडीन. आणि तो साक्षीदार मला हवा आहे. तो आला नाही तर नुकसान आपले आहे.’ ते वाक्य मला साक्षीच्या दिवसापर्यंत समजले नव्हते.

प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाले, डिसेंबर २०१९ मध्ये दोषारोप निश्चित झाले, आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाने सगळेच थांबले. मध्ये दोन न्यायाधीश बदलले. तारखांचे ते दिवस मी वर्णन करत बसत नाही. सकाळी बोर्डावर नंबर पाहायचा, दुपारपर्यंत बाकावर बसायचे, पुकारा झाला की उभे राहायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. जानेवारी २०२२ मध्ये साक्षी सुरू झाल्या.

पहिला साक्षीदार जप्तीचा पंच होता. भावाने कुऱ्हाड काढून दिली, ती धारदार पात्याची होती, असे त्याने पंचनाम्याप्रमाणे सांगितले. वकीलसाहेब उभे राहून म्हणाले, ‘उलटतपास नाही.’ आमच्या घरच्यांना धक्का बसला, कारण कुऱ्हाड भावाने काढून दिली नव्हती, पोलिसांनी घराच्या पडवीतून उचलली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या भावजयीने तोंडावर विचारलेच, ‘साहेब, तुम्ही गप्प का बसलात?’ त्यांनी उत्तर दिले नाही, फक्त ‘डॉक्टर येऊ द्या’ म्हणाले.

चुलत भावाची साक्ष दोन दिवस चालली. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना, त्याने फिर्यादीपेक्षा अधिक सांगितले. भावजयीने त्याला मागून धरून ठेवले होते, असे आता आले. उलटतपासात वकीलसाहेबांचा आवाज एकदाही चढला नाही. ‘धरून ठेवल्याचे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?’ ‘सांगितले होते.’ ‘ते फिर्यादीत नाही.’ मग कोर्टाने लिहून घेतले ते वाक्य मी नंतर इतर खटल्यांतही अनेकदा ऐकले: ‘मी पोलिसांना तसे सांगितले होते. त्यांनी ते का लिहिले नाही, याचे कारण सांगता येणार नाही.’ असे एकेक वाक्य त्या क्षणी किरकोळ वाटते. पुढे तपासी अधिकारी पिंजऱ्यात येऊन ‘साक्षीदाराने मला तसे सांगितले नव्हते’ असे म्हणतो, तेव्हा ते विधान नंतर वाढवलेले ठरते. आजारी माणसाच्या चार्टावर तापाचे आकडे भरावेत तशा त्या नोंदी वकीलसाहेब आपल्या आडव्या कागदावर भरत होते.

काठीबद्दल विचारल्यावर चुलत भाऊ म्हणाला, ‘माझ्याकडे काठी नव्हती.’ त्यावर त्यांनी एकही जादा प्रश्न विचारला नाही. रिमांडच्या आदेशातली सूज, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि ६ वाजून ४० मिनिटांची नोंद आता त्या उत्तराच्या समोर उभी होती.

विहिरीवरचा साक्षीदार मोकळ्या मनाचा माणूस होता आणि मला अजूनही वाटते की तो मुद्दाम खोटे बोलायला आला नव्हता. त्याने आरडाओरडा ऐकला असेल, नंतर धावत आला असेल आणि लोकांकडून ऐकलेले त्याला पाहिल्यासारखे वाटू लागले असेल. वकीलसाहेबांनी त्याला शेतीविषयी विचारायला सुरुवात केली. लागण कोणती होती? ‘आडसाली.’ केव्हा लावली? ‘आदल्या वर्षीच्या जुलैत.’ कारखान्याला ऊस केव्हा गेला? तो अभिमानाने म्हणाला, ‘नोव्हेंबरात. बॉयलर पेटला की आमच्या पट्ट्याला पहिली तोड मिळते.’ वकीलसाहेब ‘धन्यवाद’ म्हणून खाली बसले. विहिरीवरून काय दिसत होते, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. जूनमध्ये अकरा महिन्यांचा आडसाली ऊस माणसाच्या डोक्यावर हातभर असतो, हे आमच्या भागातल्या कोर्टाला वेगळे सांगावे लागत नाही. सातबाऱ्याची नक्कल आणि माझा नकाशा नंतर रेकॉर्डवर आले. तो साक्षीदार आला नसता, तर ‘तटस्थ माणसाला आरोपीने येऊ दिले नाही’ असा संशय मागे राहिला असता, हे मला त्या दिवशी कळले.

डॉक्टरांच्या साक्षीसाठी वकीलसाहेब आदल्या रात्री उशिरापर्यंत न्यायवैद्यकाचे पुस्तक घेऊन बसले होते. दवाखान्याच्या कारकुनाने मूळ केसपेपर आणला होता. त्यात डॉक्टरांच्याच अक्षरात होते: भांडणात मारहाण, डोक्यात एक फटका, शुद्ध हरपली नाही, उलटी नाही, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असून बोलतो आहे. ‘ही माहिती तुम्हाला कोणी दिली?’ ‘रुग्णाने स्वतः.’ तीन वार आणि बेशुद्धी, दोन्ही तिथे गळून पडले. मग जखमेच्या कडांचा प्रश्न आला. धारदार हत्याराने कडा स्वच्छ कापल्या जातात आणि ही जखम बोथट, जड वस्तूच्या माराने होऊ शकते, असे डॉक्टरांनी मान्य केले.

सरकारी वकील अनुभवी होते. त्यांनी फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर पुन्हा प्रश्न विचारताना, विचारले, ‘कुऱ्हाडीची धार बोथट झालेली असेल तर अशी जखम होऊ शकते का?’ डॉक्टर म्हणाले, ‘होऊ शकते.’ माझ्या पोटात गोळा आला. वकीलसाहेब मात्र शांत होते. तपासी अधिकाऱ्याच्या उलटतपासात त्यांनी त्याच्याकडून दोनच गोष्टी घेतल्या. जप्त केलेली कुऱ्हाड डॉक्टरांना दाखवून अभिप्राय घेतला नव्हता आणि पंचनाम्यात तिचे वर्णन ‘धारदार पाते असलेली’ असे होते व ते खरे होते. पंचाला त्या दिवशी एकही प्रश्न का विचारला नाही, हे भावजयीला तेव्हा उमगले. तो पंचनामा खोटा ठरवायच्या नादात आम्ही असतो तर ‘धारदार’ हा शब्दही त्याबरोबर गेला असता आणि धार बोथट असल्याची शक्यता सरकारपक्षाला मोकळी राहिली असती. जे खरे असूनही सिद्ध करून उपयोगाचे नव्हते, ते सोडून द्यायला त्यांनी आम्हाला भाग पाडले, आणि माझ्या मते या खटल्यातले सर्वांत अवघड काम तेच होते.

आरोपीच्या जबाबाच्या वेळी बहुतेक जण प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ म्हणतात. भावानेही तसेच म्हणावे, असे आम्हाला वाटत होते. वकीलसाहेबांनी लेखी निवेदन तयार केले, त्यात झटापट झाली, मला काठीने मारले आणि त्या झटापटीत मी एकच फटका तुंब्याने मारला, असे स्पष्ट लिहिले. ‘कोर्टापुढे जखम आहे. ती आकाशातून पडली असे म्हणालात तर तुमचे बाकीचे खरेही कोणी ऐकणार नाही,’ असे ते म्हणाले. भावाने सही करण्याआधी ते दोनदा वाचले.

युक्तिवादात सरकारी वकिलांनी महाराष्ट्र राज्य विरुद्ध बलराम बामा पाटील या १९८३ च्या निवाड्यावर भर दिला. ३०७ साठी जखम जीवघेणी असलीच पाहिजे असे नाही, हेतू महत्त्वाचा, असे त्यात आहे. वकीलसाहेबांनी तो निवाडा नाकारला नाही, उलट तोच आधाराला घेतला. हेतूच पाहायचा असेल तर तो पाहूया, असे म्हणून त्यांनी तीन गोष्टी मांडल्या. धार हातात असताना माणसाने कुऱ्हाड उलटी केली. समोरचा खाली बसल्यावर मध्ये अडवणारे कोणी नसताना दुसरा फटका मारला नाही. आणि तासाभरात तो स्वतः चालत ठाण्यात गेला. आरोपीच्या जखमांचा खुलासा सरकारपक्षाने केला नाही, यासाठी त्यांनी लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य हा १९७६ चा निवाडाही दिला. स्वसंरक्षणाचा आणि, ते न मानल्यास, अचानक चिथावणीचा मुद्दाही मांडला.

निकालात सगळेच आमच्यासारखे झाले नाही आणि ते योग्यच होते, असे मी आज म्हणू शकते. काठीच्या माराला डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा हे उत्तर नव्हे, म्हणून स्वसंरक्षण मानले गेले नाही. चिथावणीचा मुद्दाही फेटाळला गेला. आरोपीच्या जखमा किरकोळ असल्याने केवळ त्यांच्यावरून सरकारपक्ष कोसळत नाही, पण भांडणाची सुरुवात लपवली गेली हे त्यांवरून दिसते, असे न्यायाधीशांनी लिहिले. वडील आणि भावजय निर्दोष सुटले. भाऊ ३०७ मधून आणि शिवीगाळ-धमकीच्या कलमांतून सुटला, आणि घातक हत्याराने साधी दुखापत केल्याबद्दल कलम ३२४ खाली दोषी ठरला. मोठ्या कलमाचा आरोप असताना लहान कलम सिद्ध झाले तर त्याखाली शिक्षा देता येते, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २२२ मध्ये होते. ३०७ खाली दुखापत झालेली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती, तर ३२४ खाली जास्तीत जास्त तीन वर्षे. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना आता भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि ही कलमे तीत अनुक्रमे १०९ आणि ११८ झाली आहेत. आकडे बदलले, पण हेतू आणि दुखापत यांच्यातला फरक तिथेही तसाच आहे.

शिक्षेच्या मुद्द्यावर वकीलसाहेब पुन्हा उभे राहिले, कारण अर्धे काम अजून बाकी होते. पूर्वी एकही गुन्हा नाही, एकोणीस दिवसांची कोठडी झालेली, जामिनाची एकही अट मोडलेली नाही, हे मांडून त्यांनी १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाचा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा, लाभ मागितला. परिवीक्षा अधिकारी आमच्या घरी आले, शेजाऱ्यांशी बोलले, भावाच्या मुलींच्या वह्या पाहून गेले. त्यांचा अहवाल आल्यावर कोर्टाने एक वर्ष चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडले आणि जखमीला पंचवीस हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश केला. ते पैसे वडिलांनी स्वतः कोर्टात भरले. बाहेर आल्यावर चुलत भाऊ त्यांच्यासमोरून जाताना थांबला, वाकून पाया पडला आणि काही न बोलता निघून गेला.

अपिलाची मुदत टळल्यावर वकीलसाहेबांनी मला बोलावून फाईल परत दिली. सुतळीने बांधलेल्या त्या फाईलमध्ये आडवा वेळापत्रकाचा कागद होता, चार घड्यांच्या नोंदीची प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि सगळ्यांत खाली माझ्या नकाशाचा पहिला कच्चा कागद होता. विहिरीपासून बांधापर्यंत त्यांनी पेन्सिलीने एक रेघ ओढलेली होती आणि त्या रेघेवर बारीक अक्षरात लिहिले होते, ‘ऊस कधी तुटला, एवढेच विचारणे.’ तारीख २०१८ च्या सप्टेंबरमधली होती.